युसूफचाचांनी बांधलेली मोटर

नाशिकरोडच्या आमच्या गल्लीत थंडी आली, हे मला कॅलेंडरवरून कळत नाही. कपाटातून स्वेटर काढणाऱ्या शेजारणींवरूनही नाही. ते कळतं सकाळच्या गाड्यांवरून. साडेसहाच्या सुमाराला समोरचे काका बटण दाबतात, त्यांची गाडी घुर्र करते आणि गप्प बसते. पलीकडची कॉलेजला जाणारी मुलगी चार वेळा बटण दाबून पाचव्यांदा आईला हाक मारते. कुणी चोक ओढतं, कुणी बॅटरीच्या नावानं खडे फोडतं. मी ओट्याशी चहा गाळत असते आणि कान आपोआप निदान करत असतात. ही बॅटरी उतरलीय. इथे रिले चिकटतोय. ही गाडी नुसतीच आळशी आहे, दोन मिनिटांत उठेल. वडील जन्मभर ऑटो इलेक्ट्रिशियन असले की लेकीच्या कानाला ही खोड लागते, आणि पुढे कंपनीत कितीही मोठ्या मशीनपाशी उभं राहिलं तरी ती सुटत नाही.

यंदाही थंडी आली. काही आठवड्यांपूर्वी एका सकाळी देवळालीकडून तोफांचा सराव ऐकू आला. थंडीत तो आवाज जवळ येतो आणि स्वयंपाकघराच्या खिडकीची सैल काच थरथरते. बाबा अंगणात उन्हाला बसले होते, शाल पांघरून. कोपऱ्यात त्यांची मोटरसायकल ताडपत्रीखाली उभी होती. तिला हलवून तीन वर्षं झाली होती. बाबांची खुर्ची पूर्वी गाडीकडे तोंड करून असायची. त्या हिवाळ्यात त्यांनी ती फिरवून घेतली, आणि तेव्हापासून ते गाडीकडे पाठ करून बसत.

मला तो हिवाळा लिहायचा आहे. बरेच दिवस टाळलं.

गाडी जुनी, काळी, दीडशे सीसीची. बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून किक मारणं त्यांना बंद होतं, त्यामुळे सगळी भिस्त सेल्फवर. सेल्फ म्हणजे इंजिनाखाली बसवलेली मुठीएवढी मोटर. बटण दाबलं की रिले, म्हणजे मोटरीकडे करंट सोडणारा स्विच, ‘टक्’ म्हणतो, जाड केबलमधून करंट मोटरला जातो, मोटर फिरते आणि इंजिनाला जाग येते. ही मोटर एकदा जळाली होती. दुकानदार म्हणाला, इतक्या जुन्या गाडीचा पार्ट आता येत नाही. तेव्हा बाबांचे दुकानातले जोडीदार युसूफचाचा यांनी ती मोटर घरी नेली, आतली जळकी तार उलगडून टाकली आणि आर्मेचर, म्हणजे मोटरीतला फिरणारा गाभा, नव्यानं बांधून दिलं. केसाएवढ्या तारेचे शेकडो वेढे, हातानं. मोटर परत देताना बाबांना म्हणाले होते, “दत्तूभाऊ, आता गाडी मरंल, पन ही नाय मरनार.”

देवळाली कॅम्पात बसस्टँडच्या मागे बाबांचं आणि युसूफचाचांचं दुकान होतं, तीस-बत्तीस वर्षं. बाबा वायरिंग बघायचे, चाचा वाइंडिंग. सिन्नरच्या जीपवाल्यांपासून मिलिटरीतल्या सुभेदारांच्या स्कूटरपर्यंत सगळं तिथे यायचं. दुकानात वॉर्निशचा वास भरलेला असायचा, डोकं दुखवणारा आणि तरी हवाहवासा. मी कॉलेजच्या सुट्ट्यांत तिथे बसून टेस्ट लॅम्प धरायला शिकले. टेस्ट लॅम्प म्हणजे दोन वायरींचा साधा बल्ब. करंट आहे तिथे पेटतो, नाही तिथे नाही. बाबा म्हणायचे, “माणसाला इचारू नको, बल्बाला इचार. तो खोटं बोलत नाय.”

त्या दुकानाचा एक नियम होता. मोटर ज्यानं बांधली त्यानंच ती उघडायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. चाचांनी बांधलेली मोटर सहा महिन्यांनी परत आली तर बाबा बाकीचं सगळं तपासायचे, आणि दोष मोटरीतच आहे असं दिसलं की पाना खाली ठेवून चाचांना हाक मारायचे. चाचा जेवायला गेलेले असले तर गिऱ्हाईक थांबायचं. मी एकदा विचारलं होतं की चार स्क्रू तर सोडायचेत, एवढं काय त्यात. बाबा म्हणाले, “चूक ज्याची त्याला पहिली दिसली पायजे. दुसऱ्यानं उघडून दाखवली तर ती चूक ऱ्हात नाय, बेइज्जती होती.” दुकान बंद झालं, दोघं म्हातारे झाले, पण नियम राहिला.

हा नियम मला माहीत होता, म्हणून तर मी ती जागा निवडली.

त्या वर्षी दिवाळीच्या आसपास बाबांना झटके यायला लागले. झटके म्हणजे हातपाय झाडणं नव्हे. बोलता बोलता क्षणभर नजर कुठेतरी जायची, हातातला कप तिरका व्हायचा आणि चहा मांडीवर सांडला की ते भानावर यायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं की गाडी अजिबात चालवायची नाही. बाबांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे गाडीवर कॅम्पात गेले. युसूफचाचा फुप्फुसाच्या आजारानं अंथरुणाला खिळले होते, आणि बाबा एक दिवसाआड त्यांच्या उशाशी जाऊन बसत.

मग एका मंगळवारी एक शाळकरी मुलगी सायकलवरून पडली. बाबांच्या गाडीचं हँडल तिला लागलं होतं. कोपर खरचटलं, बाकी काही झालं नाही. मला हे बाबांनी नाही, तिच्या आईनं सांगितलं, घरी येऊन, अगदी शांतपणे. “काका चांगले आहेत हो,” ती म्हणाली, “पण त्यांनी तिला पाहिलंच नाही. डोळे उघडे होते, पण पाहिलं नाही.” मी त्या बाईला पाणी दिलं. ती गेल्यावर बाबांशी भांडले, रडले, किल्ली लपवली. बाबांनी ड्रॉवरमधून दुसरी किल्ली काढली. मी तीही घेतली, तर त्यांनी इग्निशनच्या वायरी जोडून गाडी चालू केली. ज्याचा जन्म वायरी जोडण्यात गेला त्याला किल्लीनं कोण अडवणार? आई असती तर तिनं काहीतरी शपथ वगैरे घातली असती. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघंच.

त्या रविवारी बाबा आंघोळीला गेले असताना मी गाडीखाली सरकले. दुकान आवरताना घरी आणलेला एक पत्र्याचा डबा आमच्याकडे होता. त्यात चाचांच्या कामाचं उरलंसुरलं सामान होतं, त्यातच लेदराइड कागद होता. आर्मेचरच्या खाचांत घालतात तो, पिवळट आणि कडक, ज्यातून करंट जात नाही. त्याच्या मी दोन बारीक चकत्या कापल्या. मोटरीच्या बोल्टावरून जाड केबल काढली, बोल्टावर प्लॅस्टिकची नळी चढवली, केबलच्या खाली एक चकती आणि वर एक चकती घालून नट परत आवळला. वरून रबरी टोपी बसवली. बाहेरून काही दिसत नव्हतं. केबल जागेवर, नट जागेवर, पण केबल आणि मोटर यांची भेट नाही. तीन मिनिटं लागली. बाहेर येऊन मी हात धुतले आणि बाबांसाठी पोहे टाकले.

मला माहीत होतं की बाबा खाली वाकू शकत नाहीत. मला माहीत होतं की टेस्ट लॅम्प केबलला लावला तर तो लख्ख पेटणार, आणि मग संशय फक्त मोटरीवर राहणार. आणि मोटर चाचांची, म्हणजे ती कुणी उघडणार नाही. मला माझ्या हुशारीचं थोडं कौतुकही वाटलं, हे खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी बटण दाबलं. टक्. परत दाबलं. टक्.

“रेखे,” त्यांनी हाक मारली. “रिले तर बोलतोय. मोटर का झोपली?”

मग सुरू झालं ते सगळं. बाबा स्टुलावर बसले आणि मी गाडीपाशी उकिडवी. हवेत गारठा होता, लोखंडाला हात लावला की चटका बसल्यासारखं व्हायचं. बाबांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते, त्यामुळे डोकं त्यांचं आणि हात माझे, अशी वाटणी झाली.

“पयली बॅटरी. हेडलाइट लाव आन् बटण दाब. लाइट मंदावती का?”

“नाही बाबा. जशीच्या तशी आहे.”

“म्हणजे बॅटरी भरलेली हाय, आन् मोटर करंट वढतच नाय.” त्यांनी हनुवटी खाजवली. “आर्थिंग बघ. इंजिनाला जी काळी वायर हाय तिचा बोल्ट घासून घे.”

मी पॉलिश पेपरनं बोल्ट घासला, चांगला चमकेपर्यंत. जिथे काहीच बिघडलेलं नाही ते मन लावून दुरुस्त करण्याचा अनुभव मी त्या दिवशी घेतला. मग रिलेची दोन्ही टोकं तपासली. मग लॅम्प मोटरीजवळच्या केबलला लावला. बल्ब पेटला. बाबांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“करंट मोटरीपातुर येतोय,” ते म्हणाले. बराच वेळ ते त्या बल्बाकडे बघत होते. तो खोटं बोलत नव्हता. करंट खरोखरच तिथपर्यंत येत होता.

“अजून एक बघू. बॅटरीपासून डायरेक्ट जंपर मार. मोटरीच्या बोल्टाला.”

ही परीक्षा मी विसरले होते. जंपर केबल, म्हणजे बॅटरीचा करंट सरळ मोटरीला देणारी सुटी वायर, नटाला लागली असती तर मोटर जागच्या जागी फिरली असती आणि खेळ संपला असता. मी चिमटा नटाच्या ऐवजी खालच्या केबलच्या टोकाला लावला, चकतीच्या अलीकडे. अर्ध्या इंचाचा फरक. स्टुलावरून तो दिसणं शक्य नव्हतं.

“लावला?”

“लावला.”

“ठिणगी बी नाय?”

“नाही बाबा.”

“बोल्टालाच लावला ना गं?”

“बोल्टालाच.”

ते हळूच म्हणाले, “युसूफचं काम गेलं मग.” मी गाडीखालून बाहेर आले नाही, उगाच टोपी घट्ट करत राहिले.

त्यांनी चाचांना फोन केला. स्पीकरवर, कारण बाबांना कमी ऐकू यायला लागलं होतं. चाचांचा श्वास आधी ऐकू आला, मग आवाज. बाबांनी आडून आडून सांगितलं की सेल्फ उठत नाही, बाकी सगळं बघितलं.

“मेरी मोटर?” चाचा म्हणाले. “कार्बन घिस गये होंगे दत्तूभाऊ. नाय तर तार सुटली असंल. मेरेसेच काही ऱ्हायलं असंल.”

“काय घाई नाय रे. तू बरा हो.”

“खोलना मत हां. मैं आता हूँ. उठलो की आधी तुझ्याकडं येतो.”

उठलो की. डॉक्टरांनी त्यांच्या घरच्यांना काय सांगितलं होतं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा म्हणाले, “तुझ्याशिवाय उघडतो होय,” आणि फोन माझ्याकडे दिला, बंद कसा करायचा ते त्यांना कधीच जमलं नाही.

मला वाटलं होतं, चला, आता ते रिक्षानं जातील. किंवा रविवारी मी माझ्या स्कूटरवर नेईन. पण बाबा निघेनात. शेजारचे म्हणाले, आम्ही किक मारून देतो. बाबा म्हणाले, “आन् मधीच बंद पडली तर तुमचा पाय कुठून आणू?” मी स्कूटर काढली तर म्हणाले, “नको. मी दुसऱ्याच्या गाडीवर आलेला दिसलो की त्याला कळंल, अजून बंदच हाय म्हणून. पडल्या पडल्या तेच डोक्यात घोळवील तो. आधी गाडी होऊ दे. मंग त्याच्या खिडकीखाली जाऊन बटण मारतो, त्याच्या कानावर जाऊ दे.”

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. तीन मिनिटांचं काम होतं.

त्या हिवाळ्याचा रंग मला अजून आठवतो, राखेचा. दिंडोरीकडे थंडी इतकी उतरली होती की बागवाले द्राक्षांचे घड वाचवायला शेकोट्या पेटवत होते, आणि वारा तिकडून असला की आमच्या गल्लीतही जळक्या पाचोळ्याचा वास यायचा. सिन्नरला जाणाऱ्या कंपनीच्या बसच्या काचा आतून भिजलेल्या असायच्या. मी कंपनीत पार्ट तपासायच्या विभागात आहे. गेज लावायचा, माप बघायचं, बरोबर असेल तर शिक्का मारायचा. दिवसभर मी दुसऱ्यांच्या कामावर शिक्के मारायचे आणि संध्याकाळी घरी येऊन बघायचे की बाबांनी आज पुन्हा काय काय तपासून ठेवलंय. त्यांनी फ्यूज बदलला होता. बॅटरीची टोकं व्हॅसलिन लावून चकचकीत केली होती. रिले खोलून, पुसून परत बसवला होता, थरथरत्या हातांनी, त्याला एक अख्खा दिवस लागला असणार. रोज सकाळी चहाच्या आधी ते बटण दाबायचे. टक्. मग चहा.

एका संध्याकाळी मी विचारलं, “दुसऱ्या मेकॅनिकला बोलवू?” मला खात्री करून घ्यायची होती, दुसरं काही नाही.

“तो काय करणार? मोटरच उघडणार ना?”

“मग तुम्ही उघडा.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भाजी बघायला आत गेले.

चाचांचा फोन दर दोन दिवसांनी यायचा. बोलणं कमी, श्वास जास्त. “चली क्या?” एवढंच विचारायचे. बाबा म्हणायचे, “बघतोय, बघतोय.” एकदा चाचा म्हणाले, “दत्तूभाऊ, वो टाइमपे मेरेको बुखार था. बांधताना. हात ढिला पडला असंल.” ज्या माणसानं हजारो मोटरी बांधल्या तो अंथरुणात पडून एका मोटरीचे वेढे मनातल्या मनात परत मोजत होता, आणि मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते.

का नाही सांगितलं? मी स्वतःला बरीच उत्तरं दिली आहेत. एक असं की, त्या मुलीचं कोपर डोळ्यांसमोर होतं. दुसरं असं की, सांगितलं तर बाबा चकत्या काढून त्याच क्षणी निघाले असते. दोन्ही खरी आहेत. पण सर्वांत खरं हे की मला लाज वाटत होती, आणि प्रत्येक दिवसागणिक सांगणं अवघड होत गेलं. शेवटी मी मनाशी ठरवलं की येत्या रविवारी गुपचूप चकत्या काढायच्या, गाडी ‘आपोआप’ सुरू झाली असं दाखवायचं, आणि मी चालवायची, बाबांना मागे बसवून कॅम्पात न्यायचं. ही युक्ती आधीच सुचायला हवी होती.

भोगीच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी सकाळी, कॅम्पातून फोन आला. चाचा गेले.

आम्ही माझ्या स्कूटरवर गेलो. बाबा मागे बसले होते आणि सगळ्या रस्त्यात त्यांनी माझा खांदा धरला नाही, सीटची कड धरली. चाचांच्या घराची रस्त्याकडची खिडकी सताड उघडी होती. आत हुडहुडी भरेल असा गारठा. चाची भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाबांना पाहून त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि म्हणाल्या, “खिडकी बंदच करू देत नव्हते हो. इतनी ठंड में. बोलते थे, दत्तूभाऊ की गाडी का आवाज आयेगा.”

बाबा खाली बसले. मी दाराशी उभी राहिले. तिथून पळून जावंसं वाटलं, पण त्यांना परत घरी न्यायचं होतं.

चार दिवसांनी बाबा म्हणाले, “मोटर उतरव. आता विचारायला कोण ऱ्हायलं?”

मी गाडीखाली गेले. नट सोडला, नळी आणि चकत्या काढल्या, डाव्या मुठीत दाबल्या आणि मोटर त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी स्वतः स्क्रू सोडले, मला हात लावू दिला नाही. आर्मेचर बाहेर आलं. वेढ्याला वेढा चिकटलेला, एक तार इकडची तिकडे नाही, वरचं वॉर्निश काकवीसारखं चमकत होतं. कार्बन म्हणजे तारेला करंट पोचवणारे दोन छोटे काळे ठोकळे. तेही अर्ध्याहून जास्त शिल्लक होते. बाबांनी मोटर परत जोडली, बॅटरीच्या दोन वायरी लावल्या. मोटर त्यांच्या हातातून उडाली, फरशीवर गरगर फिरली आणि भिंतीला जाऊन आपटली.

बाबांनी ती उचलली नाही.

“त्या दिवशी जंपर कुठं लावला होता?” त्यांनी विचारलं.

“बोल्टालाच,” मी म्हणाले. मूठ अजून मिटलेली होती.

“बरं.”

मी ती उचलून दिल्यावर त्यांनी फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवली. गाडीवर ताडपत्री टाकली. खुर्ची फिरवून घेतली. त्यानंतर त्यांनी गाडीचं नाव काढलं नाही, आणि मी तो विषय निघणार नाही एवढी काळजी घेतली. नंतरच्या दोन वर्षांत घरातल्या घरात त्यांना तीनदा झटका आला. एकदा तर कपाळाला टाके पडले. म्हणजे गाडी बंद पाडण्यात माझं चुकलं नव्हतं. माझं बरोबर होतं हे एकदा कळल्यावर मला बरं वाटेल असं मी समजत होते, तसं काही झालं नाही.

त्या सकाळी तोफांच्या आवाजानं काच थरथरली तेव्हा मी चहाचा कप घेऊन अंगणात गेले. बाबांच्या समोर उभं राहायचं तर त्यांच्या पाठीमागची गाडीही माझ्या डोळ्यांसमोर येणार होती. तशीच उभी राहिले आणि सांगितलं. चकत्या, नळी, जंपर, अर्धा इंच, सगळं.

बाबांनी कप घेतला. “ठाऊक हाय,” ते म्हणाले. “मोटर काढताना एक चकती खाली पडली होती. तुझ्या मुठीत एकच आली असंल.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू बोलशील म्हणून थांबलो.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “तीन वर्सं.”

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, “मला सांगून काय उपेग? माझं काय गेलं? युसूफ सोताच्या हाताला दोष देत गेला. जा, चाचीला सांग. गाडी चालू करून जा, नुसती तोंडानं सांगू नको.”

दोन सुट्ट्या लागल्या. नवी बॅटरी, कार्बुरेटर साफ, पेट्रोल नवं. मोटर डब्यातून काढून बसवली, केबल बोल्टाला नीट टेकवली, मध्ये काही नाही. बाबा खुर्चीत बसून होते, पाठ करून, एकही सूचना दिली नाही. पहिल्यांदा बॅटरी, मग अर्थिंग, मग रिले, सगळं त्यांच्याच क्रमानं मी स्वतःशी पुटपुटत करत गेले. बटण दाबलं. टक्, आणि लगेच गाडी उठली. एका दमात. बाबांच्या खांद्यांवरची शाल जराशी हलली.

कॅम्पात चाचींच्या खिडकीखाली मी गाडी बंद केली आणि परत सुरू केली. पुन्हा बंद केली, पुन्हा सुरू केली. खिडकी उघडली. चाचींचे केस आता पूर्ण पांढरे झालेत.

“दत्तूभाऊ की गाडी?” त्या म्हणाल्या.

मी आत गेले आणि उभ्या उभ्याच बोलले, बसले असते तर बोलता आलं नसतं. “चाची, मोटर खराब नव्हती. चाचांची काही चूक नव्हती. मी केबलच्या आड कागद घालून ती बंद पाडली होती, बाबांनी गाडी चालवू नये म्हणून. चाचांना मी सांगितलं नाही.”

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. त्या म्हणाल्या, “अब उनको कौन बतायेगा?” रागानं नाही. खरंच विचारल्यासारखं.

मग त्या उठल्या, कपाट उघडलं आणि औषधाच्या रिकाम्या खोक्यातून एक कागदाची पुडी काढली. “ये ले जा. तेरे अब्बा के वास्ते है. मय्यत के दिन देना भूल गयी, फिर वो आयेच नही.”

पुडीत दोन कार्बन होते. नवे. बाजारात मिळतात त्या मोठ्या ठोकळ्यांतून घासून काढलेले, एका बाजूला आर्मेचरला बसेल अशी बारीक गोलाई दिलेली. कागदावर अजून काळी पूड होती.

“बिस्तर पे घिसे,” चाची म्हणाल्या. “बैठा नही जाता था, तो मेरी पीठ को टेक के बैठते थे. आठ दिन लगे. बोले, मैं नही उठा तो दत्तूभाऊ को बोलना, मेरी तरफ से इजाजत है, खोल के ये डाल दे.”

मी ती पुडी घेऊन कशी आले ते मला नीट आठवत नाही. घरी आले तर बाबा अंगणातच होते. खुर्ची गाडी येण्याच्या बाजूला फिरवलेली होती.

मी पुडी दिली आणि चाची काय म्हणाल्या ते सांगितलं. त्यांनी एक कार्बन दोन बोटांत धरला, उजेडाकडे केला, गोलाईवरून अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला. मग दुसराही तसाच पाहिला.

“साइज बरोबर हाय,” ते म्हणाले. दोन्ही कार्बन त्यांनी परत पुडीत बांधले, पुडी माझ्या डाव्या हातावर, चकत्या लपवल्या होत्या त्याच हातावर, ठेवली आणि माझी मूठ मिटून दिली.